बोल्ट नुसताच फिरतोय? इंजिनातले गेलेले आटे असे परत आणा

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजावरूनच काहीतरी बिघडलंय हे कळलं. "मामा, वॉटर पंपाचा एक बोल्ट घट्टच होत नाहीये. नुसता फिरतोय." मी विचारलं, शेवटी शेवटी पाना एकदम मऊ लागला का? म्हणाला, "हो, आधी छान घट्ट होत होता, मग चिखलात फिरवल्यासारखं झालं." एवढं ऐकल्यावर गाडी बघायचीही गरज नव्हती. इंजिन ब्लॉकमधले आटे गेले होते.

माझा जन्म टूलरूममध्ये फिटर म्हणून गेला. गाड्या हा माझा धंदा नव्हे, पण भोक आणि आटा हा होता. त्यामुळे घरातल्या, ओळखीतल्या कुणाचा बोल्ट फिरायला लागला की फोन मला येतो. प्रत्येकाची पहिली भीती तीच असते: आता ब्लॉकच बदलावा लागणार. तसं काही नसतं. ॲल्युमिनियममधला मूळ आटा जेवढा भार घेतो, त्याहून जास्त भार नीट बसवलेला पोलादी इन्सर्ट, म्हणजे भोक मोठं करून त्यात बसवलेला नवा आटा, घेतो. मात्र ते 'नीट' फार महाग पडणारं आहे, कारण भोक मोठं करायची संधी एकदाच मिळते. लोक इन्सर्ट कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर तासभर बोलतात आणि ड्रिल दोन मिनिटांत हातानं मारून मोकळे होतात. माझं म्हणणं उलटं आहे. इन्सर्ट बसवायला पाच मिनिटं लागतात. भोक सरळ आणि स्वच्छ ठेवणं हेच सगळं काम.

आधी हे आटे जातात का ते समजून घ्या, म्हणजे शेजारचा दुसरा बोल्टही घालवणार नाही. एम८चा, म्हणजे ८ मिमी जाडीचा, साधा बोल्ट २५ न्यूटन मीटरला (हे आवळायच्या पिळाचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळला की तो जोड साधारण दीड टनाच्या जोरानं दाबून धरतो. एम६चा बोल्ट १० न्यूटन मीटरला आठशे किलोच्या पुढे जातो. हा सगळा भार आट्यांवर सारखा वाटला जात नाही. बोल्टाच्या डोक्याकडचा पहिला आटाच जवळपास तिसरा हिस्सा उचलतो, पुढचे दोन-तीन बहुतेक उरलेला, आणि खालचे आटे जवळजवळ आरामात असतात. बोल्ट पोलादाचा, भोक ॲल्युमिनियमचं. ओढाताण वाढली की कोण हरणार हे ठरलेलंच. पहिला आटा वाकला की भार दुसऱ्यावर, तो गेला की तिसऱ्यावर, आणि अर्ध्या फेऱ्यात सगळी रांग कोसळते. तो 'चिखल' हाताला लागतो तो हाच.

जास्त आवळणं हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे बोल्ट सुरुवातीलाच तिरका लावून पान्यानं रेटणं. तिसरं कारण फार जणांच्या लक्षात येत नाही: बंद भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असतं आणि वरून बोल्ट आत जातो. द्रव दबत नाही. तो बोल्टाला वर ढकलतो, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला 'कट' वाजणारा पाना) मात्र 'घट्ट झालं' म्हणून सांगते. कधी कधी तर ब्लॉकच तडकतो. आणि वॉटर पंपासारख्या जागी कूलंट झिरपून पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरतो. बोल्ट काढताना त्यावर पांढरी भुकटी दिसली तर समजा की आटे आधीच अर्धे खाल्ले गेलेत. भाच्याच्या बोल्टावर ती भुकटी होती. त्यानं फक्त शेवटचा धक्का दिला.

आधी बघा, मग ड्रिलला हात लावा

बोल्ट बाहेर काढा आणि त्याच्याकडे नीट बघा. आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक स्प्रिंग अडकून बाहेर आली असेल तर ते ब्लॉकचे आटे आहेत, अख्खेच्या अख्खे कापले गेलेले. बोल्टाचे स्वतःचे आटे चपटे झाले असतील किंवा बोल्ट मधेच बारीक होऊन ताणला गेला असेल, तर कदाचित भोक शाबूत असेल आणि नुसता बोल्ट बदलून भागेल. त्याच मापाचा नवा बोल्ट हातानं, बोटांनी लावून बघा. तो शेवटपर्यंत बोटांनी गेला आणि जागेवर डुगडुगला नाही, तर तुमचं नशीब चांगलं.

फक्त तोंडाचे एक-दोन आटे चेपले असतील, तर कापणारा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घालू नका. टॅप धातू काढतो आणि उरलेले आटेही पातळ करतो. अशा वेळी आटे साफ करणारा चेझर वापरायचा. तो कापत नाही, चेपलेलं परत जागेवर बसवतो. चेझर नसेल तर मी घरीच करतो: त्याच मापाचा चांगला बोल्ट घ्यायचा, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरायचा, आणि हॅक्सॉनं त्याच्या अंगावर उभ्या तीन खाचा पाडायच्या. खाचांच्या कडांवर उभी राहिलेली धातूची कुसळं बारीक कानशीनं काढायची, थोडं तेल लावायचं आणि हातानं फिरवत आत न्यायचा. खरकटा धातू खाचांत जमा होतो. अर्ध्याहून जास्त रडगाणी इथेच संपतात.

मग भोकाची खोली मोजा. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) असेल तर त्याच्या मागच्या शेपटीनं मोजता येते. पुष्कळदा कारखान्यात भोक बोल्टापेक्षा खोल मारलेलं असतं आणि खालचे आटे कोरेच असतात. तसं असेल तर थोडा लांब बोल्ट लावून काम होतं, ना ड्रिल ना इन्सर्ट. अट एवढीच, की त्या कोऱ्या आट्यांची लांबी बोल्टाच्या व्यासाएवढी तरी हवी, ॲल्युमिनियममध्ये दीडपट असेल तर उत्तम. आणि बोल्टाचं टोक तळाला टेकता कामा नये. भाच्याच्या भोकाची एकूण खोली २७ मिमी निघाली, पण आटे २२ मिमीपर्यंतच होते आणि बोल्ट १८ मिमी आत जात होता. म्हणजे कोरे आटे चार मिमी, जेमतेम तीन. तीन आट्यांवर पंप टांगायचा नसतो. इन्सर्टच लावायचं ठरलं.

काय लावायचं

चार वाटा आहेत. पहिली, भोक मोठं करून पुढच्या मापाचा बोल्ट लावणं, एम६च्या जागी एम८. सोपी वाटते, पण मग झाकणाचं भोकही मोठं करावं लागतं, बोल्टाचं डोकं जागेत मावत नाही, आणि पुढच्या वेळी गाडी उघडणारा गोंधळतो. ब्रॅकेटला चालेल, इंजिनाच्या झाकणांना मला पटत नाही.

दुसरी वाट हेलिकॉइलची. ही स्टेनलेस पोलादाच्या तारेची स्प्रिंग असते. तारेचा छेद पत्त्यातल्या चौकटसारखा असतो, त्यामुळे स्प्रिंगला बाहेरून एक आटा आणि आतून एक आटा मिळतो. मोकळी असताना ती भोकापेक्षा जराशी जाड असते. आत गेल्यावर बाहेर पसरू बघते आणि त्या दाबावरच टिकते. बहुतेक एम६, एम८, एम१०च्या भोकांना मी हीच लावतो.

तिसरी वाट भरीव बुशची, टाइम-सर्टसारख्या. हे बाहेरून-आतून आटे पाडलेलं छोटं नळकांडं असतं, वर कॉलर असते. भोकाच्या तोंडाशी त्या कॉलरसाठी बैठक कापावी लागते, आणि बसवताना ड्रायव्हर बुशचे खालचे आटे बाहेर फुगवतो, त्यामुळे ते कायमचं अडकतं. बोल्ट वारंवार निघणारा असेल, स्पार्क प्लगसारखा, किंवा भार मोठा असेल, हेड (सिलिंडरवरचं जाड झाकण) धरणाऱ्या हेड बोल्टसारखा, तर मी इथे कंजुषी करत नाही.

चौथी वाट म्हणजे ट्यूबमधून दोन गोष्टी मिसळून भोकात भरायचं इपॉक्सी. वायपरच्या टाकीच्या ब्रॅकेटला लावा हवं तर. इंजिनात जिथे उष्णता, तेल आणि दीड टनाचा दाब आहे, तिथे नको. वेल्डिंगनं भोक भरून नव्यानं आटे पाडता येतात, पण ते सुट्या भागावर आणि ज्याचा हात ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगवर बसलेला आहे त्यानंच करावं.

किटमध्ये तीन वस्तू असतात: इन्सर्ट, त्याचा टॅप आणि बसवायचा दांडा. टॅपबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एम८ × १.२५च्या (८ मिमी व्यास, आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, १.२५ मिमी) इन्सर्टचा टॅप हा बाजारातला एम१०चा टॅप नव्हे. त्याचा पिच १.२५च असतो, पण बाहेरचा व्यास सुमारे ९.६ मिमी. दुसरा टॅप चालवून बघायचा मोह कुणाला झाला तर आवरा. ड्रिल एम६ × १ला ६.३ मिमी, एम८ × १.२५ला ८.३ किंवा ८.४, एम१० × १.५ला १०.४च्या आसपास लागतं. किटवर जे लिहिलंय ते प्रमाण मानायचं. आणि पिच डोळ्यांनी ठरवू नका. एम१० बोल्ट १.२५चाही असतो, १.५चाही, काही ठिकाणी १चाही. पिच गेजची पट्टी बोल्टावर धरा. दोन मिनिटांचं काम आहे.

इन्सर्टची लांबी बोल्टाच्या व्यासाच्या पटीत मिळते: एकपट, दीडपट, दुप्पट. ॲल्युमिनियममध्ये दीडपटीच्या खाली मी जात नाही. भाच्याचा बोल्ट एम८चा आणि भोकात जागा होती, म्हणून १६ मिमीचा, म्हणजे दुप्पट घेतला. भोकाशेजारी भिंत किती जाड आहे तेही बघून घ्या. ९.६ मिमीचा टॅप गेल्यावर बाजूला धातू उरलाच पाहिजे. कडेला अगदी चिकटून असलेलं भोक असेल तर थांबा आणि दुसऱ्याला विचारा.

भोक सरळ ठेवायची युक्ती

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका झाकणाचं भोक हातातल्या ड्रिल मशीननं, नजरेनं सरळ धरून मारलं होतं. टूलरूममधला माणूस, नजरेवर गर्व. भोक दोन-तीन अंशांनी कललं. बोल्ट गेला, घट्टही झाला, पण डोकं एका कडेवर बसलं आणि दुसरीकडे कागद सरकेल एवढी फट राहिली. महिन्याभरानं ते डोकं तुटून खाली पडलं. वाकून आवळलेला बोल्ट ओढला जात नाही, तो रोज थोडा थोडा वाकतो. तेव्हापासून नजरेवर विश्वास नाही. भोक सरळ ठेवायला कशाचा तरी आधार हवाच.

सगळ्यात चांगला आधार तुमच्या हातातच असतो: जो भाग तिथे बसतो तोच. पंपाच्या अंगात एम८च्या बोल्टासाठी जे मोकळं भोक असतं ते साधारण साडेआठ ते नऊ मिमीचं असतं. ८.३चं ड्रिल त्यातून बरोबर जातं. म्हणून मी गॅस्केट (जोडामधला गळती रोखणारा पातळ थर) न लावता पंप जागेवर ठेवायला सांगितला, बाकीचे बोल्ट हलके आवळले, आणि रिकाम्या भोकातून ड्रिल आत घातलं. पंपाचा तिथला कान पंचवीस मिमी जाड होता. पंचवीस मिमीच्या नळीत ड्रिल तिरकं जाऊन जाणार कुठे? आधी मोजून घ्या मात्र. पंपाचं भोक ड्रिलपेक्षा फार सैल असेल तर हा आधार नावापुरताच राहतो. आणि जुना पंप हाताशी असेल तर तोच वापरा, नव्याला ओरखडे कशाला.

जिथे असा भाग नाही तिथे तीस-चाळीस मिमी जाडीचा लोखंडी किंवा पितळी ठोकळा घ्यायचा आणि स्टँडच्या ड्रिलवर त्यात ड्रिलच्या मापाचं सरळ भोक मारून आणायचं. दुसरं भोक टॅपच्या मापाचं मारा. हा ठोकळा सपाट पृष्ठावर दाबून धरला की झालं. माझ्याकडे असा एक ठोकळा आहे, सहा भोकांचा. आजवर जेवढे इन्सर्ट मी बसवले, त्यांतल्या अर्ध्यांचं श्रेय त्याला.

आता मशीनविषयी. गेलेलं एम८चं भोक आधीच पावणेआठ मिमीच्या आसपास पोकळ झालेलं असतं. त्यात ८.३चं ड्रिल फक्त पापुद्रा काढतं. अशा वेळी ड्रिलच्या धारा पकड घेतात आणि ड्रिल स्क्रूसारखं स्वतःच आत ओढलं जातं. मशीन चालू असेल तर एका क्षणात तळाला. म्हणून मी ॲल्युमिनियममध्ये ड्रिल टॅप हँडलमध्ये धरतो आणि हातानंच फिरवतो. वेळ लागतो, पण काय कापलं जातंय ते बोटांना कळतं. भाच्याच्या गाडीत इंजिन आणि फेंडरच्या मधे वीतभर जागा होती, मशीन शिरलंच नसतं. त्याच्या अडचणीनं त्याला वाचवलं. बिडाच्या ब्लॉकला मात्र हात पुरत नाही, तिथे मशीन हळू फिरवून, आधारासकट.

ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. आमच्या बाबतीत पंपाचे २५ आणि आतले २४, असे ४९ मिमीवर. पट्टीची कड सैल पडली तर खूण सरकते, म्हणून दोन वेढे द्या. ॲल्युमिनियमला रॉकेल लावायचं, कीस चिकटत नाही आणि भोकाची भिंत चकचकीत निघते. बिडाला कोरडंच चालतं. दर दोन-तीन फेऱ्यांनी ड्रिल बाहेर काढा, पुसा, परत घाला. चष्मा घाला हे सांगायची गरज नसावी, पण भोकात हवा मारताना डोळ्यात गेलेला कीस मी दोघांच्या बाबतीत पाहिलाय, म्हणून सांगतो. मी तर हवा मारतच नाही. व्हॅक्यूमच्या तोंडाला बारीक नळी टेपनं जोडतो आणि कीस ओढून घेतो. हवेनं कीस जातो कुठे? शेजारच्या बेअरिंगमध्ये.

आटे पाडणं

आता पंप काढा, कारण ९.६चा टॅप त्यातून जाणार नाही. टॅपला ग्रीस किंवा रॉकेल लावा. पहिले दोन आटे सगळं ठरवतात. टॅप भोकात उभा करा, एक फेरा द्या, आणि बाजूला छोटा गुण्या लावून दोन दिशांनी बघा: एकदा समोरून, एकदा काटकोनात फिरून. तिरका दिसला तर परत बाहेर काढून पुन्हा सुरुवात करा. तिसऱ्या आट्यानंतर टॅप तुमचं ऐकत नाही, स्वतःच्या वाटेनं जातो. ठोकळा असेल तर गुण्याचीही गरज नाही.

पुढे नेहमीचीच चाल: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याचा बारीक 'कट' आवाज येतो, तो यायला हवा. बंद भोकात दर तीन-चार फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून साफ करा, नाहीतर कीस तळाला साचतो आणि टॅप खोटाच तळाला लागल्यासारखा वाटतो. फेरे मोजा. १६ मिमीला १.२५च्या पिचनं तेरा फेरे होतात. टॅपच्या टोकाचा निमुळता भाग धरून दोन-तीन जास्त. हँडल जड झालं की जोर लावू नका. मागे या. हाय स्पीड स्टीलचा टॅप आत तुटला तर साध्या ड्रिलनं निघत नाही, आणि मग तुमचं छोटं काम खरोखरच मोठं होतं. हँडलही छोटं घ्या. फूटभर दांड्याचं हँडल एम६च्या टॅपवर लावणाऱ्याला मी टॅप देतच नाही.

आटे झाले की भोक धुवा. ब्रेक क्लीनर, बारीक ब्रश, परत व्हॅक्यूम, आणि शेवटी कापडाची वात करून आत फिरवा. वात पांढरी निघेपर्यंत. एक कण जरी आट्यात राहिला तरी स्प्रिंग त्याच्यावर चढते आणि मग बोल्ट त्या जागी जड जातो.

हेलिकॉइल दांड्यावर चढवा. त्याची खालची आडवी शेपटी दांड्याच्या खाचेत बसली पाहिजे. भोकाच्या तोंडाशी धरा आणि फिरवा. दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. दाबलंत तर स्प्रिंग एक आटा सोडून पुढच्यात उडी मारते. आणि मधेच उलटं फिरवू नका, उलट्या फेऱ्यात स्प्रिंग फुगते आणि अडकते. वरचं टोक पृष्ठाच्या पाव ते अर्धा पिच खाली गेलं की थांबा. वर आलेलं टोक झाकणाला बसू देत नाही. शेपटी तोडायला योग्य जाडीचा पंच तिच्यावर ठेवून एकच तडाखा, हळू हळू चार नव्हेत. तुटलेला तुकडा चुंबकानं काढायला जाऊ नका, हे स्टेनलेस चुंबकाला फारसं दाद देत नाही. ग्रीस लावलेल्या तारेनं किंवा व्हॅक्यूमनं काढा, आणि तुकडा हातात दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. बंद भोकात बोल्ट शेपटीपर्यंत पोचतच नसेल तर मी ती तशीच राहू देतो.

बसवताना चुकलं तर घाबरू नका. टोकदार चिमट्यानं वरचा वेढा आतल्या बाजूला ओढा आणि उलटं फिरवत स्प्रिंग बाहेर काढा. ती फेकून द्या, भोक परत धुवा, नवी लावा. खालचे आटे शाबूत असतात.

जिथे जास्त जपायचं

स्पार्क प्लगचं भोक थेट सिलिंडरमध्ये उघडतं, त्यामुळे तिथे प्रत्येक कण शत्रू आहे. हेड काढता येत असेल तर काढाच. नसेल तर पिस्टन खाली न्या म्हणजे टॅप त्यावर आदळणार नाही, टॅपच्या खाचांत जाड ग्रीस भरा, दर फेऱ्या-दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसा आणि शेवटी सिलिंडरमधून व्हॅक्यूम करा. इथे शेपटीवाली स्प्रिंग नको, भरीव बुश लावा. बाहेरचेच आटे चेपले असतील आणि आतले चांगले असतील, तर बॅक-टॅप नावाचं एक छान साधन मिळतं: मिटलेलं आत जातं, आत गेल्यावर उघडतं, आणि आतल्या चांगल्या आट्यांचा माग धरत बाहेरच्या दिशेनं येतं. कीसही बाहेर येतो. आणि प्लग कधीही गरम हेडमधून काढू नका. गरम झाल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. इंजिन पूर्ण निवू द्या, आटे तुमच्या बाजूनं राहतील.

तेलाच्या चेंबरचा ड्रेन नट हा सगळ्यात जास्त छळला जाणारा बोल्ट. दर तेल बदलाला निघतो आणि प्रत्येक वेळी 'गळू नये' म्हणून कुणीतरी जास्तीचा पाव फेरा देतं. गळती वॉशर थांबवतो, जोर नाही. वॉशर दर वेळी नवा घाला. आटे गेलेच तर चेंबर काढून टेबलावर काम करणं उत्तम. स्वतःच आटे कापत जाणारा मोठा नट मिळतो, तो मला आवडत नाही: तो तिरका गेला तर चेंबर फुटतो आणि कीस सगळा तेलात पडतो.

हेड बोल्टचे आटे ब्लॉकमध्ये गेले असतील तर गुण्या, ठोकळा आणि हौस या तिन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत. त्याला ब्लॉकवर बोल्टनं बसणारं जिग (ड्रिल आणि टॅप सरळ धरणारा साचा) लागतं, खोलीचा अचूक हिशेब लागतो, आणि शेजारून कूलंटची वाट जात असते. ज्याच्याकडे ते जिग आहे त्याला काम द्या.

परत आवळताना

बोल्ट नवा घ्या, किंवा जुना तारेच्या ब्रशनं लख्ख करा. चिकटलेलं ॲल्युमिनियम बोल्टावर राहिलं तर तुमच्या नव्या आट्याला पहिल्याच दिवशी ओरखडा. भोकात एक थेंबही द्रव नको. बोल्टाच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा बघा, ८.८च्या जागी १०.९ लावला म्हणून जास्त आवळता येतं असं नाही, टॉर्क पुस्तकातलाच. पुस्तकातला आकडा बहुतेक वेळा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) चोपडलं की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला ओढ पुष्कळ वाढते. तेव्हा पुस्तकात लावा म्हटलं असेल तरच लावा.

पहिले चार-पाच फेरे बोटांनी. मी तर नेहमी आधी बोल्ट उलटा फिरवतो. आट्याला आटा मिळाला की 'टक' करून जरासा खाली बसतो, मग सुलट. पाना त्यानंतर. पंपाला २४ न्यूटन मीटर हवे होते. मी भाच्याला आधी १२ला आवळून सोडायला लावलं, परत १८ला आवळून सोडायला लावलं, आणि मग पूर्ण. दरम्यान बोल्ट कुठे मऊ लागला तर तो तिथेच कळतो, कूलंट भरल्यावर नव्हे. तिसऱ्यांदा रेंच 'कट' वाजली तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बघतोस काय, बाकीचे बोल्टही त्याच क्रमानं, आडवेतिडवे.

इंजिन गरम करा, पूर्ण निवू द्या, आणि टॉर्क पुन्हा एकदा तपासा. मग दुरुस्त केलेल्या बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि गाडीच्या वहीत लिहून ठेवा: वॉटर पंप, वरून दुसरा बोल्ट, एम८ × १.२५, हेलिकॉइल १६ मिमी. पुढच्या वेळी पंप बदलताना बोल्टासोबत एखादी स्टेनलेसची तार बाहेर आली, तर ती काय आहे हे उघडणाऱ्याला कळायला हवं.